नकाशावरचं पडीक

कोंडखारात दहा घरं. त्यातल्या नऊ घरांना शिमगा सोडला तर वर्षभर कुलूप. दहाव्यात हिरामण एकटाच राहायचा. बायको गेल्यावरही त्याने शेती सोडली नाही. पावसाळ्यात भात, भात निघालं की त्याच ओलीवर वाल.

खाडीच्या तोंडाशी एका कंपनीचं, बोटीतून उतरणाऱ्या कोळशाचं यार्ड होणार होतं. त्यासाठी जमिनी विकायला नऊ घरांनी मुंबईतूनच संमतीच्या सह्या पाठवल्या होत्या.

जानेवारीत प्रणाली नावाची मुलगी आली. कुठली जमीन कशी वापरात आहे याची कंपनीसाठी पाहणी करणाऱ्या संस्थेत ती नोकरीला होती. बांधावर उभी राहून ती कधी हातातल्या नकाशाकडे बघे, कधी समोरच्या हिरव्या वालाकडे.

"काका, इथे तर पडीक दाखवलंय. उपग्रहाचा फोटो आहे, मे महिन्यातला."

"मे महिन्यात काय दिसणार, बाय? तवा मीपण पडीकच असतो."

ती हसली. त्याने तिला जाऊ दिलं नाही. शेंगा तोडल्या, भांबुर्डीच्या पाल्यासकट मडक्यात भरल्या आणि मडक्याभोवती जाळ करून पोपटी लावली.

"दोन वर्सांनी लावतोय," तो म्हणाला. "एकट्यासाठी मडकं कोण पेटवील?"

प्रणाली पोटभर जेवली. निघताना म्हणाली, "मी दुरुस्ती कळवते."

तिने कळवलीही. पण फेब्रुवारीत जनसुनावणीला जो अहवाल वाटला, त्यात कोंडखार पडीकच होतं. हिरामण माईकपाशी गेला.

"माझी जमीन पिकते, साहेब."

"तुमच्या वाडीतलं आणखी कोणी आलंय?" सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं.

त्याने मागे वळून पाहिलं. मंडप भरलेला होता, पण ओळखीचा एक चेहरा नव्हता.

"न्हाय. मी एकटाच हाय."

तेवढ्यात कंपनीच्या लोकांमध्ये बसलेली प्रणाली उठली. "ती शेती आहे. मी स्वतः पाहिलीय. अहवाल चुकलाय."

पुन्हा पाहणी झाली, जमीन पिकती ठरली. पावसाळा सरता सरता यार्ड दुसऱ्या खाडीवर गेल्याची बातमी आली. त्याआधीच प्रणालीची नोकरी गेली होती. फोनवर ती म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका, काका." हिरामण नुसता "बरं, बरं" म्हणत राहिला.

पुढच्या शिमग्याला नऊ कुलुपं उघडली. चुलतभाऊ सदा अंगणातूनच म्हणाला, "तुझ्यापायी आमच्या सगळ्यांचे जमिनीचे पैसे गेले."

"जमीन हाय ना जागेवर. या, करा."

"कोण करणार?" सदा म्हणाला आणि निघून गेला.

पालखी रीतीप्रमाणे हिरामणच्याही दारात आली. ओवाळायला घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून त्यानेच ओवाळलं, नारळ ठेवला. ओटीवर वीस कप चहा मांडला होता. पालखी खांद्यावरून कोणी उतरवली नाही, कोणी बसलं नाही. ढोल पुढच्या घराकडे वळला.

त्याने एक कप उचलला आणि पायरीवर बसला. कोणीतरी मागे फिरेल म्हणून बाकीचा चहा गार होईपर्यंत तो तिथेच बसून होता.