मुरब्याच्या खाडीत सहावं वल्हं

इंग्रीद मूळची नॉर्वेची. तिचा नवरा इंद्रजीत मेहेर इथल्या मुरबे गावचा, पण जहाजावर इंजिनिअर झाला आणि लग्नानंतर तिकडेच राहिला. दोघं निवृत्त झाल्यावर मुरब्याला येऊन राहायचा हट्ट मात्र इंग्रीदचा. इथे आल्यापासून इंद्रजीत पंख्याखालून हलत नसे. ती सकाळी बंदरावर, दुपारी बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांत, नाहीतर रिक्षा पकडून बोईसरच्या बाजारात. उन्हाने तिचं नाक कायम सोललेलं असे. गावात सगळे तिला वयनी म्हणत.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी खाडीत बायकांच्या होड्यांची शर्यत होती. सकाळीच शेजारची जमना दारात आली.

"वयनी, हेतलचा हात मुरगळलाय. सहावं वल्हं रिकामं हाय. तुमी येता?"

"येते," इंग्रीद लगेच म्हणाली.

"जमना, तिचं वय बघ," आतून इंद्रजीत बोलला. "सत्तरीला आली ती."

"मी शाळेत होडीनेच जात होते," असं म्हणत इंग्रीदने पँट गुडघ्यापर्यंत दुमडलीसुद्धा.

किनाऱ्यावर अख्खं गाव लोटलं होतं. दातिवरे गावच्या बायकांची होडी शेजारीच होती. त्या हिच्याकडे बघून हसल्या, हीही हसली. छाती अशी धडधडत होती, की शिट्टी झालेली तिला समोर पाठमोऱ्या बसलेल्या हंसाचं वल्हं हललं तेव्हाच कळली.

पहिल्याच फटक्याला तिचं वल्हं हंसाच्या वल्ह्यावर आपटलं.

"माझ्या पाठीकडं बघा वयनी," हंसा मान न वळवता म्हणाली.

पाठीकडे बघत बघत ताल सापडला. वल्हवणाऱ्यांची तोंडं मागे, त्यामुळे पुढचं काही दिसत नव्हतं. दिसत होती ती सुकाणूवरची जमना. तिच्या चेहऱ्यावरूनच इंग्रीदला कळत होतं. एक होडी मागे पडली, आणखी एक पडली. खाडीच्या तोंडाशी रोवलेल्या बांबूला वळसा घातला, आता दातिवरेच तेवढं पुढे.

तेवढ्यात इंग्रीदचं वल्हं खुंटीला बांधणारी दोरी तुटली. वल्हं हातातून सुटायला लागलं. इंग्रीदने गळ्यातला रुमाल ओढून काढला आणि बापाने शिकवलेली गाठ मारून वल्हं पुन्हा खुंटीला आवळलं. होडी मंदावली होती.

"झालं," ती म्हणाली. "ओढा."

मग किनाऱ्याकडून आवाज आला. गुडघाभर पाण्यात, चप्पल हातात घेऊन, इंद्रजीत होडीच्या बरोबरीने धावत होता.

"ओढ इंग्रीद, ओढ. आता नाय थांबायचं. नाय थांबायचं."

इतक्या वर्षांच्या संसारात तो कधी मोठ्याने बोलला नव्हता. हा आवाज तिने ऐकलाच नव्हता, आणि ही बोलीही त्याच्या तोंडून नाही. तिला हसू फुटलं. हसत हसतच तिने असा जोर लावला, की हंसाला तिच्याबरोबर राहायला धडपडावं लागलं.

दातिवऱ्याची होडी वल्हंभर पुढे राहिली. दुसरा नंबर. तरी बायकांनी इंग्रीदला उचलूनच वाळूवर आणलं. तळहात सोलले होते, श्वास पुरत नव्हता, आणि तिला लगेच पुन्हा खाडीत उतरायचं होतं.

इंद्रजीत धापा टाकत आला. "जमना, पुढल्या साली मला सुकाणूवर घेशील?"

"बायांची शर्यत हाय, दादा," जमना म्हणाली. "तुमी आपले पाण्यात धावा."

हेतल पट्टी बांधलेला हात धरून जवळ आली. "नि माझी जागा?"

इंग्रीदने जमनाकडे पाहिलं. "मोठी होडी मिळेल का आपल्याला?"