संमतीचं पाणी

भोरातल्या आमच्या कॉलेजात गेल्या वर्षी तीन दिवसांची आंतरराष्ट्रीय परिषद झाली. विषय होता ‘जागतिक शांतता, सुरक्षा आणि शाश्वत विकास : आव्हाने’. आंतरराष्ट्रीय अशासाठी की काठमांडूचे एक प्राध्यापक प्रत्यक्ष आले होते आणि फिनलंडच्या एक बाई पडद्यावर येणार होत्या. त्या आल्याही, फक्त त्यांचा आवाज आला नाही. वीस मिनिटं बाईंचे ओठ हलत होते आणि सभागृह माना डोलवत होतं. आभारप्रदर्शनात त्यांचे विचार मूलगामी असल्याचं सांगण्यात आलं.

निमंत्रक होते राज्यशास्त्राचे प्रद्युम्न सर. माणूस वाईट नाही. जगात कुठेही युद्ध पेटलं की आधी ते अस्वस्थ होतात आणि मग शोधनिबंध लिहितात. सहनिमंत्रक सौदामिनी, त्याच विभागातली, वयाने तिशीची. सहनिमंत्रक म्हणजे कामं तिची आणि भाषण सरांचं.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना ‘प्रत्यक्षातली शांतता’ दाखवायची होती. सौदामिनीने वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या दोन वाड्या सुचवल्या. पीएचडीच्या कामासाठी ती तिथे दोन उन्हाळे राहिली होती. वरची वाडी आणि खालची वाडी, मध्ये कातळात कोरलेलं पाण्याचं एकच टाकं. पूर्वी खालच्या वाडीतल्या बौद्ध बायकांना टाक्याला हात लावू देत नसत. वरच्या वाडीतली कुणी बाई वरून ओतेल तेवढं पाणी त्यांचं. मग एके वर्षी खालच्या वाडीतल्या भामाबाईंची सासू हंडा घेऊन टाक्याच्या पायरीवर जाऊन बसली. तिथेच जेवली, तिथेच झोपली आणि चौथ्या दिवशी स्वतःच्या हाताने पाणी भरूनच उठली. त्याला साठ वर्षं होऊन गेली. तेव्हापासून समोरच्या डोंगराच्या धारेवर ऊन येईपर्यंत खालची वाडी पाणी भरते आणि त्यानंतर वरची. यावर पुन्हा कधी भांडण झालं नाही.

सरांना ही हकिकत फार आवडली. एकच गोष्ट त्यांना खटकली. यातलं काहीच लेखी नव्हतं. लेखी नसलेली शांतता टिकायची कशी, अशी साठ वर्षं टिकलेल्या शांततेबद्दल त्यांना काळजी वाटली. मग पहिल्या दिवशीच्या चहाच्या सुट्टीत समितीने ‘जल-शांतता करारा’चा मसुदा केला. सर सांगत होते, सौदामिनी टाइप करत होती. तिसऱ्या कलमात तिने लिहिलं, ‘खालची वाडी सकाळी पाणी घेईल.’ सरांना वाक्य बोडकं वाटलं. त्यांनी त्यात ‘वरच्या वाडीच्या संमतीने’ हे शब्द घालायला लावले. त्याने सलोख्याचा भाव येतो म्हणाले. सौदामिनीचा हात क्षणभर थांबला. पण बाहेर पाहुण्यांच्या जेवणाचा घोळ चालला होता. तिने शब्द घातले आणि जेवणाकडे धावली.

वरवे गावच्या संजयच्या भाड्याच्या जीपमधून मंडळी वाडीवर पोचली. टाक्याच्या पायरीवर टेबल मांडलं, मागे इंग्रजी फलक लावला. खालच्या वाडीतर्फे भामाबाईंनी सही केली, वरच्या वाडीतर्फे ठकुबाईंनी अंगठा दिला. निमंत्रक या नात्याने सरांची आणि सौदामिनीची सही झाली. करार वाचून दाखवायला वेळ उरला नाही, कारण काठमांडूच्या पाहुण्यांचं विमान होतं. शाली झाल्या, फोटो झाले, आणि आधीपासूनच नांदणारी शांतता दुपारी सव्वाबाराला प्रस्थापित झाली.

पंधरा दिवसांनी जीपवाल्या संजयचा सौदामिनीला फोन आला. ठकुबाईंच्या पुतण्याने, चिमाजीने, कराराची प्रत लॅमिनेशन करून टाक्यावर टांगली होती आणि रोज सकाळी तो तिथे खुर्ची टाकून बसत होता. खालच्या वाडीतल्या प्रत्येक बाईने ‘घेऊ का पाणी?’ असं विचारायचं, एवढीच त्याची अपेक्षा होती. तो नाही कुणालाच म्हणत नव्हता. विचारलं की मान हलवायचा. पहिल्या दिवशी बायकांनी थट्टेत विचारलं. दुसऱ्या दिवशी भामाबाईंची सून शुभांगी न विचारता पायऱ्या उतरायला लागली, तेव्हा चिमाजीने पाय आडवा घातला. शुभांगी पडली, तिचं मनगट मुरगळलं. त्या दिवसापासून टाक्यावर बायकांऐवजी दोन्हीकडचे पुरुष काठ्या घेऊन यायला लागले होते.

सौदामिनी सरांकडे गेली. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. कराराची मुदत पाच वर्षांची असल्यामुळे मध्येच शब्द बदलायला समितीची बैठक लागेल आणि बैठकीला काठमांडूची सोय पाहावी लागेल, असं ते म्हणाले. शिवाय करारानंतर उद्भवणारे संघर्ष हा अभ्यासाचा अगदी दुर्लक्षित विषय आहे, तिने रोजच्या रोज टिपणं ठेवावीत, अशी सूचनाही त्यांनी केली.

तिने टिपणं ठेवली नाहीत. नसरापूरला एसटी बदलून ती वेल्ह्याला गेली आणि तिथून मिळेल त्या गाडीने वाडीवर पोचली. भामाबाई अंगणात नाचणी पाखडत होत्या. तिला बसायला सांगून त्यांनी सूप खाली ठेवलं.

“ते संमतीचं कुणी लिवलं?” त्यांनी विचारलं.

सर म्हणाले म्हणून, असं सांगायचं सौदामिनीच्या ओठांवर आलं होतं. “मी टाइप केलं,” ती म्हणाली.

भामाबाईंनी हातांना लागलेला कोंडा झटकला. मग म्हणाल्या, “माझी सासू चार दिस हितं बसली, ती इचारायला न्हाई बसली, बाई.” आणि आत जाऊन त्यांनी तिच्यासाठी तांब्याभर पाणी आणलं. ते पिताना सौदामिनीला मान वर करवेना.

त्या दिवशी ती तिथेच राहिली. सकाळी भामाबाईंबरोबर टाक्यावर गेली, तर चिमाजी खुर्चीवर होता आणि दोन्हीकडचे पुरुष अंतर राखून उभे होते. निरोप मिळाल्यावर ठकुबाईही काठी टेकत आल्या. सौदामिनीने करार पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचला. हे आधी व्हायला हवं होतं, हेही तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. तिसऱ्या कलमाशी ठकुबाईंनी तिला थांबवलं. अंगठा दिला तेव्हा कार्यक्रमाला आलेल्यांची हजेरी घेतायत असं त्यांना वाटलं होतं. त्या भामाबाईंकडे वळल्या आणि संमतीच पाहिजे असेल तर आपण एकदाच जन्मभराची देऊन टाकतो, मग चिमाजीला विचारायला नको, असं त्यांनी समजुतीने सांगितलं.

“तुजी बी नगं, ठकू,” भामाबाई म्हणाल्या.

ठकुबाई दुखावल्या. त्यांना वाटलं होतं, आपण केवढं देतोय. त्यांचा चेहरा उतरला, आणि सौदामिनीला वाटलं की आता सगळंच फिसकटणार. पण म्हातारी तिथेच उभी राहिली. भामाबाईंच्या सासूला पायरीवर बसलेलं तिने लहानपणी बघितलं होतं. काही वेळाने ती सौदामिनीला म्हणाली, “खोड मग ते.”

सौदामिनीने पेन काढलं. लॅमिनेशनवर पेन उमटेना. तिने तीनदा गिरवलं, तिन्ही वेळा शाई थेंब होऊन घसरली. शेवटी ठकुबाईंनी गवताला निघालेल्या एका बाईच्या हातातला विळा मागून घेतला आणि सौदामिनीने बोट ठेवलं तेवढा तुकडा कराराच्या मधोमध कापून काढला. चिमाजीने खुर्ची उचलली आणि निघून गेला. चुलतीशी तो अजून बोलत नाही.

वैशाखात चिमाजीच्या मुलीचं लग्न झालं. लग्नघरासाठी टाकं दिवसभर मोकळं सोडायची दोन्ही वाड्यांत रीत आहे. त्या दिवशी खालच्या वाडीतल्या बायका पाण्याला गेल्या नाहीत. शुभांगी मात्र गेली. एक हंडा तिने आपल्या वेळेला भरला आणि परत आली. भामाबाईंनी तिच्या डोक्यावरचा हंडा उतरवून घेतला.

इकडे सौदामिनीला कॉलेजने नोटीस दिली. आंतरराष्ट्रीय दस्तऐवजात अनधिकृत फेरफार केल्याबद्दल खुलासा मागवला होता. तिने लिहून दिलं की चूक टाइप करताना झाली होती, ती दुरुस्त केली आहे. हा खुलासा असमाधानकारक ठरला आणि पुढच्या परिषदेच्या समितीतून तिला काढून भोजन व्यवस्थेत टाकलं. गेल्याही वेळी ती तेच करत होती, त्यामुळे तिला फरक जाणवला नाही. प्रद्युम्न सरांचा करारोत्तर संघर्षावरचा निबंध मात्र परदेशातल्या एका नियतकालिकाने स्वीकारला. त्यात भोक पडलेल्या कराराचा फोटो आहे. खाली ‘स्थानिक हिंसाचाराचा पुरावा’ असं लिहिलंय.

यंदाची शांतता आंबवड्याला करायचं ठरतंय. तिथे भांडण आहे का, याची सरांनी चौकशी सुरू केली आहे.