त्यागराजरावांचा चंदनी पाट

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्ल्यांत त्यागराजरावांचा चंदनी पाट ठाऊक नाही असा मराठी माणूस सापडायचा नाही. चुकून सापडलाच, तर राव त्याला हाताला धरून घरी आणत, पाटाला नाक टेकवायला लावत आणि सांगत, "राजानं आमच्या पणजोबांना दिलेला. अस्सल चंदन! अजून वास हलला नाही." पोस्टातून निवृत्त झालेल्या माणसानं मिरवायचं तरी काय दुसरं?

आता समाजाच्या सभागृहात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरणार होतं. पाटाला पहिल्या टेबलाचा मान मिळाला होता. फक्त प्रदर्शन भरवणाऱ्या पुतण्या गिरीशची अट होती, लाकूड जाणकाराकडून तपासून पाटाजवळच्या चिठ्ठीवर लिहायचं. "दहांदा तपासा की!" म्हणत राव स्वतःच वीणा घडवणाऱ्या भुवनाला घेऊन आले.

तिनं पाट उचलून वजन अजमावलं, कानाशी धरून बोटानं ठोकला. वास काही घेईना. राव खट्टू झाले.

"अगं, वास तर घे!"

"तो शेवटी, अय्या. वास फसवतो," रावांना आदरानं 'अय्या' म्हणत ती तमिळमध्ये बोलली. "एवढ्या रुंद फळीचं चंदनाचं झाड मी तरी पाहिलं नाही."

मग पाट उपडा करून तिनं खालून पटाशीनं जरासं खरवडलं. आत पिवळंधमक लाकूड! भुसा नाकाशी नेला, रावांच्याही नाकाशी धरला. चंदनाचा मागमूस नाही. तो भुसा कढत पाण्यात टाकला तर पाणी पिवळं झालं.

"फणस," भुवना म्हणाली. "आमच्या वीणेचं लाकूड. जुनं झालं की असंच तपकिरी होतं."

रावांचं तोंड उतरलं. चाळीस वर्षं गावभर डंका पिटला होता, आता कुठल्या तोंडानं सभागृहात जायचं? "मग हा वास कुठून आला?"

भुवनानं पाट सुलटा केला. सुईच्या टोकानं रेषांमधून पांढुरकी भुकटी काढली. "हे चंदनच आहे. पण उगाळून चोळलेलं, थरावर थर."

"दर शुक्रवारी," दारातून कृष्णवेणीबाई म्हणाल्या. बायको घरातली, पण रावांनी असं चमकून पाहिलं की जणू पाहुणीच आलीय. "पूजेचं गंध उरलं की पाटाला चोळायचं. सासूबाईंनी शिकवलं, त्यांना त्यांच्या सासूबाईंनी."

"आणि इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"मला काय ठाऊक लाकूड कुठलं ते? वाटलं, चंदनालाही चंदन लावायची तुमच्या घरची रीत असेल!"

भुवना हसली नाही. पाटावरून तळवा फिरवत राहिली. "अम्मा, पंचवीस वर्षं मी फणस हाताळतेय. त्यात वास असा मुरलेला कधी पाहिला नाही. आमच्यात कुणाला जमणार नाही हे." आणि तिनं पाटाला नव्हे, कृष्णवेणीबाईंना हात जोडले. बाई बिचाऱ्या लाजून पदराला हात पुसत राहिल्या.

तेवढ्यात गिरीशचा फोन आला. "काका, चंदनच लिहितो ना?"

भुवना काही कुणाला सांगायची नव्हती. 'हो' म्हटलं की मान शाबूत. रावांनी वाकून पाटाचा वास घेतला, चांगला छाती भरून घेतला.

"थांब. मी लिहून पाठवतो," ते म्हणाले.

गिरीशला देवनागरी येत नाही, म्हणून मराठीच, पण तमिळ अक्षरांत त्यांनी लिहिलं : 'लाकूड फणसाचं. चंदन घरच्या बायकांचं.' त्याखाली नावं घालायची म्हणून पेन टेकवलं आणि अडले.

"अगं, माझ्या पणजीचं नाव काय?"

"विशालाक्षी. दरवर्षी श्राद्धाला भटजींच्या मागून म्हणता की!"

रावांना फार ओशाळल्यागत झालं. विशालाक्षी लिहिलं, मग आजी भामा, मग आई सीतालक्ष्मी. चौथं नाव लिहायला लागले तशा बाई पुढे आल्या.

"अहो, माझं कशाला? मी अजून जिवंत आहे."

"म्हणूनच," राव म्हणाले आणि ते नाव त्यांनी सगळ्यांत मोठ्या अक्षरांत लिहिलं.