सतरा नंबरची बाटली आणि मी

मित्रांनो, मी एक जुना दुवा आहे. फुलचूरच्या दुर्गेश्वरीताईंच्या संगणकावर मी राहतो. माझं नाव ‘धान’. दिसायला फोल्डर, पण पोटात काही नाही. फक्त एक पत्ता आहे.

ताईंचे वडील उदाराम कामठ्याला शेती करतात. जुन्या धानाच्या बत्तीस जाती त्यांनी काचेच्या बाटल्यांत जपल्या आहेत. चिठ्ठी लावली की उंदीर कुरतडतात, म्हणून ते झाकणावर खिळ्याने नुसता नंबर कोरतात. कोणत्या नंबरला कोणती जात, कोणती पाण्याने भरलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, टिकते, कोणती वाऱ्याने लोळते, हे सगळं ताईंनी सोळा वर्षं त्यांना विचारून संगणकात लिहिलं. आता उदारामबाबांची नजर गेली आहे. स्मरणही दगा देतं.

हे लिखाण दुसऱ्या डिस्कवर, डी ड्राइव्हमध्ये होतं. ‘कामठा’, त्यात ‘शेती’, त्यात ‘बाबा’ आणि त्यात खरं ‘धान’. रोज एवढं आत कोण जाणार? म्हणून ताईंनी ‘बाबा’ फोल्डरलाच पी ड्राइव्ह असं नाव दिलं. पी नावाची डिस्क कुठेच नव्हती, ते डीमधल्या फोल्डरचं टोपणनाव. मग समोरच्या पडद्यावर मला जन्माला घातलं आणि माझ्यात लिहिलं, ‘पीमधलं धान’.

माझ्यावर बोट पडलं की संगणक माझा पत्ता वाचतो आणि पीकडे धावतो. तिथे कळतं की पी म्हणजे डीमधलं ‘बाबा’. मग तिथे जाऊन तो ‘धान’ उघडतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत हे होतं. ताई म्हणायच्या, “आमचं धान कसं लगेच उघडते!” मी फुशारून जायचो. कौतुक दुसऱ्याचं आहे, हे मला ठाऊक होतं, तरीही.

यंदा धानाच्या रोपांसाठी पऱ्हे टाकायचे दिवस जवळ आले आणि डिस्क भरली. ताईंनी गोंदियाहून मुन्नालालला बोलावलं. संगणक दुरुस्त करणारा, हात चलाख, पण घाईचा माणूस. त्याने आधी मला उघडलं, मग पी, मग डी. तिन्हीकडे तेच पाहून तो हसला.

“ताई, एकच माल तीन-तीन जागी ठेवून राहिल्या तुमी! जागा कशी पुरंल? डीवाला जुना उडवतो. दो तो बचेंगे ही.”

माझा जीव कासावीस झाला. अरे, आम्ही दोघं रिकामे आहोत! पण मला तोंड नाही. मला फक्त पत्ता सांगता येतो. पी हे आपणच दिलेलं टोपणनाव, हे ताई इतक्या वर्षांत विसरल्या होत्या. त्यांनी होकार दिला आणि मुन्नालालने खरं ‘धान’ कचरापेटीतही न ठेवता पुसलं.

कामठ्याहून आलेले उदारामबाबा बाजूलाच बसले होते, मांडीवर बाटली घेऊन. झाकणावर बोट फिरवत म्हणाले, “ही सतरा आहे. सतराचं काय लिहिलं होतं, वाच ना वो बाई.”

ताईंनी मला दाबलं. मी पत्ता दिला. संगणक धावत गेला आणि रिकाम्या हाताने परत आला. ‘सापडत नाही.’ पी उघडला, तर त्यातही ‘धान’ नव्हतं.

“काऊन वो, वाचून काऊन नाही राहिली?”

“बाबा, सापडून नाही राहिलं.”

मुन्नालालने पुन्हा डी उघडून पाहिलं आणि चूक कबूल केली. त्याने काय केलं ते ऐकून बाबा म्हणाले, “म्हंजे दारं तीन होते, घर एकच. अन् तू घरच पाडलं गा!”

ताईंनी ताबडतोब संगणक बंद केला. पुसलेल्या जागेवर नवं काही लिहिलं गेलं, तर सगळंच संपलं असतं. मुन्नालालने ती डिस्क काढली आणि स्वतः नागपूरला, पुसलेलं परत मिळवून देणाऱ्या एका जाणकाराकडे नेली. अकरा दिवस मी तसाच लटकत होतो. ताई रोज संगणक लावून मला दाबायच्या आणि मी रोज तोच पत्ता सांगायचो. दुसरं मला येतच नाही. मला एक क्षण चैन पडली नाही. मी खोटा ठरलो, असं वाटायचं.

बाराव्या दिवशी डिस्क आली. परत मिळालेलं ‘धान’ ताईंनी होतं त्याच जागी ठेवलं आणि संगणक पुन्हा सुरू केला. माझ्यात कोणी काही बदललं नव्हतं, तरी बोट पडताच मी उघडलो! ताईंना रडू फुटलं.

एकतीस नोंदी वाचता आल्या. सतरावी नोंद मात्र खराब झाली होती, अक्षरं लागत नव्हती.

बाबांनी सतराची बाटली उघडली, एक दाणा दाताखाली धरला आणि बराच वेळ चावला.

“लुचई,” चवीवरून जात ओळखून ते म्हणाले. “लिही.”

त्याच दिवशी मुन्नालालने सगळ्याची खरीखुरी नक्कल एका वेगळ्या डिस्कवर काढली. ती आता कामठ्याला बाटल्यांशेजारी असते.

मित्रांनो, माझ्यासारखे दुवे तुमच्याकडेही असतील. काही पुसण्याआधी आम्ही कुठे नेतो, ते शेवटपर्यंत जाऊन बघा. आम्ही हरवलो तर नवा दुवा क्षणात बनेल. पण दाणा चावून जात ओळखणारा बाबांचा तो दात आता एकुलता एक आहे, आणि तोही हलतो आहे.