बूमचं तोंड

बाबांनी ड्रिलचं टोक जुन्या रिव्हेटवर टेकवलं आणि अंगाचा भार दिला. ॲल्युमिनियमचा चुरा भुरभुरत फरशीवर सांडला. रिव्हेट उडालं, पण जुनं तोंड काही हलेना. खाऱ्या पाण्याने ते नळ्यांना असं धरून बसलं होतं, की सुटायचं नाव घेत नव्हतं.

"धर घट्ट," ते म्हणाले.

धाकटीने बूम गुडघ्यांत दाबला. विंडसर्फिंगच्या, वाऱ्यावर पळणाऱ्या फळीवर उभं राहून शीड पेलायचं ते याच दोन बाकदार नळ्यांना धरून. त्यांच्या पुढच्या टोकाला हे प्लॅस्टिकचं तोंड, आणि त्याने डोलकाठीला चावून धरायचं. चावा सुटला की शीड हातातून गेलं, आणि मग वारा नेईल तिकडे जायचं.

मागच्या महिन्यात तो सुटला होता. वारा किनाऱ्याकडून समुद्रात वाहत होता. बाबा तिला न्यायला आले होते. त्यांना आधी शीड आडवं झालेलं दिसलं, मग नुसती फळी, मग फळीही दिसेना. फ्रिज दुरुस्त करण्यात जन्म गेलेला माणूस. पोहताही येत नव्हतं. क्लबची बोट तिला घेऊन परतली तेव्हा दिवस कलला होता, आणि बाबा बुटांसकट गुडघाभर पाण्यात उभे होते.

घरात त्यावर पुन्हा कुणी अवाक्षर काढलं नाही. उद्या निवड स्पर्धा. सकाळी धाकटीने त्यांच्यापुढे खोकं ठेवलं होतं. "नवीन तोंड आलंय, बाबा. बसवून द्याल?" नाही म्हणायची सोयच नव्हती. त्यांनी नाही बसवलं तर दुसरं कुणीतरी बसवणार, आणि त्या दुसऱ्याला तिच्या जिवाचं काय पडलं होतं?

आई किटलीभर उकळतं पाणी घेऊन बाहेर आली.

"माणसांसाठीही नवीन तोंड मिळतं का, विचारा त्या दुकानात. यांच्यासाठी एक घेऊ. बोलणारं."

बापलेकी दोघंही हसली नाहीत. आई किटली ठेवून आत गेली.

गरम पाण्याने जुनं तोंड अखेर सैल पडलं. बाबांनी ते पिळून, हिसडून काढलं आणि नवीन लावलं. उजवी नळी सरळ आत गेली. डावी अर्ध्यावर अडली. त्यांनी फिरवून पाहिलं, हाताच्या तळव्याने ठोकून पाहिलं. जाईना.

त्यांना एकदम हलकं वाटलं. यात खोटं काही नव्हतं. खरंच बसत नव्हतं.

"हे बसेलसं दिसत नाही गं," ते म्हणाले.

"नाही बसणार?"

धाकटीचा आवाज कापला. तिने खाली पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. लहानपणी रडू आवरताना मिटायची तसेच. इतकी वर्षं वाळूत आणि उन्हात घासलेली पोर, आणि तिच्या हातातोंडाशी आलेलं आपण बापाच्या भीतीपायी काढून घ्यायचं?

त्यांनी पॉलिश पेपर घेतला. नळीच्या टोकावर मिठाचा पांढरा थर चढला होता. ते घासत राहिले. मग टोक पुसलं, तोंड पुन्हा लावलं आणि रेटलं. खट् आवाज झाला. भोकं एकावर एक आली. नवी रिव्हेटं त्यांनी एकेक करून दाबली आणि शेवटचं दाबून झाल्यावर डोलकाठीचा तुकडा तोंडात अडकवून खटका ओढला. दोन्ही हातांनी हिसडून पाहिलं. तसूभर हललं नाही.

"घे. आता काय वाट्टेल ते होवो, हे सुटायचं नाही."

धाकटी पायरीवर बसली होती, हात मांड्यांखाली दाबून.

"मघाशी तुम्ही नाही बसत म्हणालात ना," ती म्हणाली, "केवढं बरं वाटलं होतं मला."

बाबांच्या हातात रिव्हेट गन तशीच राहिली.

"मग नको जाऊस."

"आणि क्लबच्या सरांना काय सांगू? भीती वाटते?"

"मी काढतो परत. अजून निघेल." त्यांनी ड्रिलकडे हात नेला.

तिने मान हलवली. "आता नाही, बाबा. आता मला माहितीये ना, की बसतं ते."

पायरीवरचा फोन वाजला. सरांचाच होता. धाकटीने हात ओढणीला पुसले, घसा खाकरला आणि फोन उचलला.

"हो सर! झालं पण! एकदम पक्कं बसलंय. बाबांनी बसवलं. हो हो, पहाटेच निघतो."

आवाज नुसता फुलून आला होता. आईने दारातून डोकं बाहेर काढलं.

"बघा, केवढी खूश झाली पोर."

"हो," बाबा म्हणाले, आणि खाली बसून फरशीवरचा चुरा हाताने गोळा करू लागले.