कंबर चव्वेचाळीस

टेलर मास्तरांच्या पोटात त्यांची बायको अकरा वर्षं रोज सकाळी सात वाजता सुई टोचत होती. सुरुवात दहा युनिटांनी झाली; साखर हट्टालाच पेटल्यामुळे आकडा चाळीसवर गेला. मास्तर पेपर वाचता वाचता सदरा वर करायचे, ती टोचायची आणि मग तिथेच टेकून दोघं पाच मिनिटं बोलायची. त्यानंतर दिवसभर दुकान. ते शिवणार, ही काजं-बटणं करणार, आणि मशीनच्या खडखडाटात कोण कुणाचं ऐकतंय! संसार काय तो त्या पाच मिनिटांत व्हायचा.

मग डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन सुचवलं. पोटाची पिशवी लहान करायची, आतड्याचा वरचा भाग वगळायचा, अन्न थेट खालच्या भागात सोडायचं.

"इन्सुलिन तुमच्या शरीरात आहे, पण शरीर त्याला दाद देत नाहीये," त्या म्हणाल्या. "अन्नाचा रस्ता बदलला की आतड्याकडून वेगळे निरोप सुटतात आणि शरीर ऐकायला लागतं. वजन उतरायच्या आधीच साखर उतरते."

मास्तरांनी मान डोलावली. कापड नसताना पॅंट सैल करून मागणाऱ्या गिऱ्हाइकापुढे ते अशीच मान डोलवायचे.

ऑपरेशन झालं. पाचव्या दिवशी घरी पाठवताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "इंजेक्शन बंद. साखर मात्र रोज तपासायची."

सहाव्या दिवशी सकाळी मास्तरांनी उठल्याबरोबर कंबरेला फीत लावली. चव्वेचाळीस.

"अगं, सूतभर फरक नाही! पोट आहे तिथेच आहे, मग रोग कुठे जाणार? फीत कधी खोटं बोलते का? आण ते इंजेक्शन."

बायकोचाही चाळीस वर्षं फितीवर डॉक्टरांपेक्षा जास्त विश्वास. शिवाय सात वाजले होते, हात रिकामे होते आणि तिला करमत नव्हतं. साखर न तपासताच तिने चाळीस युनिटं टोचली. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं.

तासाभराने मास्तर तिला म्हणाले, "बाई, तुमचा ब्लाउज परवा मिळेल."

ती हसली. मग त्यांच्या कपाळावरचा घाम दिसला, थरथरणारे हात दिसले, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. साखर मोजायच्या यंत्रावर आकडा अठ्ठेचाळीसपर्यंत घसरला होता. तिने घोट घोट साखरेचं पाणी पाजलं, शेजाऱ्याची गाडी काढायला लावली आणि हॉस्पिटल गाठलं. मास्तर दिवसभर सलाईनवर होते. भानावर आल्यावर त्यांनी आधी चादरीची शिवण तपासली आणि नाक मुरडलं.

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत, हे जास्त वाईट झालं. "शरीर आता ऐकतंय, हो," त्या म्हणाल्या. "बहिरं असल्यासारखं त्याच्या कानात ओरडायचं नाही." घरी उरलेल्या बाटल्याही त्यांनी मागवून घेतल्या.

हॉस्पिटलच्या जिन्यात बसून बायको रडली. आपल्या हातांनी नवरा जाता जाता राहिला म्हणून रडली. आणि आता सात वाजता त्याला आपली गरज नाही म्हणूनही रडली. या दुसऱ्या रडण्याची लाज वाटली, पण रडली.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सातला मास्तर पेपर घेऊन बसले आणि सवयीने सदरा वर केला. ती समोर उभी. हातात काहीच नाही. मग तिने खुंटीवरची फीत काढली आणि त्यांच्या कंबरेला गुंडाळली.

"चव्वेचाळीस," ती म्हणाली, आणि तिथेच टेकली.

तेव्हापासून हेच चाललं. तीन महिन्यांत साखर सरळ झाली आणि मास्तरांच्या पॅंटींना त्यांनी स्वतःच कंबरेत दोनदा टीप मारून घेतली. मग एका सकाळी फितीवर एकोणचाळीसचा आकडा होता.

"चव्वेचाळीस," ती म्हणाली.

मास्तरांनी आयुष्यभर नुसत्या नजरेने गिऱ्हाइकांची मापं ओळखली होती. फितीचं टोक किती लोंबतंय, ते त्यांनी पाहिलं. मग पेपराचं पान उलटलं.

"हट्टी आहे," ते म्हणाले. "उद्या परत मोज."