ज्या वायूला वास नव्हता

मित्रांनो, मी एक जुना गॅसिफायर आहे. एका बेकरीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभा असतो. लोक मला भट्टी समजतात, पण माझं काम जरा वेगळं आहे. माझ्या पोटात सुक्या लाकडाचे तुकडे टाकतात आणि पंख्याने हवा मात्र बेताचीच देतात. त्यामुळे लाकूड पुरतं जळत नाही. आधी त्यातलं पाणी उडून जातं, मग धूर निघतो, आणि तो लालबुंद निखाऱ्यांमधून गेला की त्याचा पेटणारा वायू होतो. राख आणि डांबर गाळणीत अडतं, आणि स्वच्छ वायू नळातून ओव्हनकडे जातो.

या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही, आणि श्वासातून गेला तर जीव घेतो.

बेकरी एका बहीणभावाची. मी नवा होतो तेव्हा ताई येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने माझी ओळख करून द्यायच्या. पुढे सवय झाली आणि माझ्याकडे बघणंच राहून गेलं. एका हिवाळ्यात पीठ फुगेना, म्हणून ताईंनी खिडक्या लावून घेतल्या. त्याच सुमारास आत ओव्हनजवळ माझ्या नळाच्या सांध्यातलं रबर कडक होऊन चिरलं.

त्या सांध्याशेजारीच भाऊ पीठ मळायचा. त्याचं डोकं ठणकू लागलं, तोल जाऊ लागला. ताईंच्या मनात भलतंच आलं.

"कामाला उभा राहिलास की चक्कर, बाहेर गेलास की ठणठणीत! पितोस का रे?"

"शपथ घेतो, ताई! तुलाच मी इथे नकोसा झालोय."

मग ताई त्याची पाण्याची बाटली हुंगू लागल्या, आणि तो त्यांनी दिलेला चहा गुपचूप मोरीत ओतू लागला. मी सगळं पाहत होतो. मला तोंड असतं तर ओरडलो असतो.

एकदा भांडण विकोपाला गेलं आणि भाऊ पाय आपटत निघून गेला. "तुझ्यावाचून काही अडत नाही!" असं म्हणत ताई स्वतः पीठ मळायला उभ्या राहिल्या. काही वेळाने त्यांनी कपाळ धरलं. मग टेबल धरलं. मग त्या कोसळल्या.

भाऊ परतला तो आणखी चार शब्द सुनावायला. ताईंना पाहताच त्याने त्यांना ओढत अंगणात नेलं. त्याच्या हाका ऐकून शेजारचा सुतार धावत आला आणि ओव्हन तसाच पेटता राहू नये म्हणून त्याने माझा पंखा बंद केला.

ताई वाचल्या. डॉक्टरांना त्यांच्या रक्तात विषारी वायू सापडला. मेकॅनिकने माझ्या नळाला साबणाचं पाणी लावलं, तेव्हा सांध्यातून भराभरा बुडबुडे आले. दोघं बघतच राहिली.

"म्हणजे तू पीत नव्हतास," ताई हळूच म्हणाल्या.

"आणि तू चहात काही घालत नव्हतीस."

"चहात? मी?" ताईंचे डोळे भरून आले.

आता रबर नवं आहे, खिडक्या उघड्या असतात, आणि वायू सुटला तर बोंब मारणारा भोंगा भिंतीवर बसवलाय. मित्रांनो, यंत्र मुकाट्याने काम करतंय म्हणून त्याच्यावर विसंबू नका. त्याचे सांधे तपासा, झीज बघा. संशय घ्यायचाच असेल तर आधी माझ्यावर घ्या. मी लोखंडाचा आहे, मला लागत नाही.